मौन धरलेली सून

बाळीवेशीतल्या चनबसप्पांच्या घरात त्या श्रावणात जे झालं, त्याला कुणी देवाची करणी म्हणतं, कुणी बाईचं ढोंग म्हणतं. म्हणू द्या. दुपारी ओट्यावर बसून चघळायला माणसांना काहीतरी लागतंच. पण जिच्या जिवावर बेतलं होतं, तिच्या शेजारी बसून ‘बाई गं, तुला होतंय तरी काय?’ असं विचारायला त्यातलं कुणीही आलं नव्हतं.

हेमावती ही चनबसप्पांची धाकटी सून. माहेर अक्कलकोटाकडचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि एकदा हसायला लागली की तोंडात पदर कोंबावा लागायचा. नवरा सोमलिंग शेंगदाण्याच्या दुकानात मान खाली घालून बसणारा, शब्दाला महाग. सासू नागम्मा देवाधर्माची, आणि तितकीच चारचौघांना भिणारी. थोरली जाऊ गुरम्मा इतकी फटकळ, की दुकानातले हमालसुद्धा तिच्या तोंडाला लागत नसत. आणि हेमावतीची एकुलती एक लेक शिवलीला, दुसरीत जाणारी. घरात खायला-ल्यायला काही कमी नव्हतं. दुष्काळ नुकताच सरला होता, पण चनबसप्पांची चूल त्यातही कधी थंड पडली नव्हती.

आणि नेमकं हेच हेमावतीला नडलं. चैत्रात कधीतरी तिच्या तोंडाची चव गेली. मग झोप गेली. मग हसू गेलं, आणि ते कधी गेलं हे तिचं तिलाच कळलं नाही. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, पेठ जागी व्हायची, गुरम्मा चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसायची. भोंगा हेमावतीच्या कानात शिरायचा, पण हातापायांपर्यंत पोचायचा नाही. उठायचं, अंघोळ करायची, केस विंचरायचे, एवढी कामं डोळ्यांपुढं उभी राहिली तरी तिला रडू यायचं. बरं, रडण्याचं कारण सांगावं तर तेही नाही. ‘काय कमी हाय गं तुला?’ असं सासूनं विचारलं की ती खरोखर मनात शोधायला लागायची, आणि काही सापडलं नाही की स्वतःचीच लाज वाटून आणखी गप्प व्हायची. दृष्ट काढून झाली, काढे पाजून झाले, माहेरी पाठवून झालं. गेली तशी परत आली.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी तर कहरच झाला. या घराचा नियम असा, की अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. हेमावतीनं हा नियम कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. तिला अंघोळीला उठवेना, म्हणून पूजा झाली नाही. पूजा झाली नाही, म्हणून ती जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. हाक मारली तर ओ देईना. अन् नेमकी त्याच वेळी शेजारची सावित्रम्मा बेलाची पानं घेऊन दारात टपकली.

‘धाकटी कुटं दिसंना ती? सकाळधरनं बोलली न्हाय, खाल्लं न्हाय म्हणं?’

आता नागम्मानं काय सांगावं? सुनेचं डोकं फिरलंय म्हणून सांगावं? तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मौन धरलंय तिनं. श्रावणाचं. उपास बी हाय, कडक.’

‘अगं बाई!’ म्हणून सावित्रम्मानं तिथल्या तिथं हात जोडले.

नागम्मा काही खोटारडी नव्हती हो. तिच्या सख्ख्या मावशीनं तरुणपणी असंच मौन धरलं होतं आणि सगळं गाव तिच्या पाया पडायचं, हे ऐकतच ती वाढली होती. सहज तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिची तिलाच पटली. पटवून घ्यायला बरीही होती. घरात आजारी सून असण्यापेक्षा व्रतस्थ सून कुणाला नको? देवघराशेजारच्या खोलीतली जवारीची पोती हलवली, खोली सारवली, एक बाज टाकली, पाट मांडला, समई लावली. हेमावतीला पांढरं लुगडं नेसवलं, कपाळाला विभूती लावली आणि तिथं नेऊन बसवलं.

हेमावतीनं नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. आता ‘काय कमी हाय’ असं कुणी विचारणार नव्हतं. हसत का नाहीस, जेवत का नाहीस, मान वर का करत नाहीस, या सगळ्याला एकच उत्तर मिळालं होतं, आणि तेही तिला स्वतःला द्यावं लागत नव्हतं.

पण पुढं काय झालं ते बघा. सावित्रम्माचा पोरगा ईरप्पा मिलमध्ये बदली कामगार होता. तो येऊन हेमावतीच्या पाया पडला आणि त्याच आठवड्यात कायम झाला. झालं! सगळी बाळीवेस लोटली. मूल होत नाही ती आली, म्हैस आटली तो आला, ज्याचा कोर्टात खटला चालू होता तो आला. लोकांनी तिला नावही ठेवलं, मौनव्वा. देवघरात नारळ मावेनात. चनबसप्पांनी तोवर या सुनेचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं, ते दुकानात बसून ‘आमची धाकटी’ म्हणून कौतुक सांगायला लागले. सोमलिंग बिचारा गच्चीवर झोपायला गेला. व्रतस्थ बाईच्या खोलीत नवऱ्यानं जायचं नसतं असं आईनं सांगितलं, त्यानं मान हलवली. त्यालाही सुटल्यासारखंच झालं असणार. बायकोला काय विचारावं हे त्याला चैत्रापासून सुचलं नव्हतं.

आणि खोलीत बसलेल्या बाईचं काय? तिच्या हातातली सगळी कामं काढून घेतली. उन्हात जायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. सोमवारी नागम्मा स्वतः तिला न्हाऊ घालायची, एरवी दुधाचा पेला पुढं सरकवायची. आधी निदान सासू कटकट करायची, जाऊ शिव्या घालायची, म्हणून का होईना, उठावं लागत होतं. आता बसून राहण्यालाच पुण्य म्हणत होते. हेमावती बसून राहिली. समईकडं बघता बघता डोक्यात एकच विचार गरगरत राहायचा, की आपण नसलो तर या सगळ्यांचं बरंच होईल.

एके दिवशी शाळेत जाताना शिवलीला दाराशी आली. हेमावतीला वाटलं, ही आता नेहमीसारखी गळ्यात पडेल. पोरगी उंबऱ्याबाहेरच थांबली. तिनं चपला काढल्या, हात जोडले, उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, ‘मौनव्वा, माझे पाढे न चुकता येऊ द्या.’ ‘आई’ अशी हाक मारली नाही. दप्तर उचलून निघून गेली. हेमावतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तर समोर बसलेल्या बायका एकमेकींना म्हणतात कशा, ‘बघा, लेकराची दया आली मौनव्वाला.’

घरात एक माणूस मात्र या सगळ्यावर धुमसत होतं. गुरम्मा. धुमसणार नाही तर काय करील? आल्यागेल्याचा चहा तिनं करायचा, प्रसादाचा शिरा तिनं हलवायचा, वर रोजच्या भाकऱ्या आहेतच. त्याही साध्या नाहीत. पातळ थापायच्या, भाजायच्या आणि पुन्हा विस्तवाच्या धगीला उभ्या करून कडक करायच्या. एका दुपारी माणसांची रीघ थांबली, नागम्मा मठात पुराण ऐकायला गेली, आणि गुरम्मा सूपभर शेंगा घेऊन खोलीत शिरली. सूप तिनं हेमावतीच्या मांडीवरच आदळलं.

‘मौनव्वा, शेंगा फोडा. चटणीला दाणे न्हाईत. व्रत तोंडाचं हाय न्हवं? हाताचं तर न्हाय?’

हेमावती बघत राहिली. मग तिची बोटं हलली. एक शेंग फुटली, दुसरी फुटली. किती वेळ गेला कोण जाणे, पण तेवढा वेळ डोक्यातली गरगर थांबली होती. आणि नकळत तिनं एक दाणा तोंडात टाकला. अंघोळ नाही, पूजा नाही, आणि दाणा तोंडात!

तिनं दचकून वर बघितलं. गुरम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती.

‘तरीच म्हणलं,’ गुरम्मा म्हणाली, आणि तिचा चढलेला आवाज एकदम खाली आला. ती समोर बसली. ‘व्रत करणारी बाई पहाटं उठून अंघोळीला पळतीय गं. तुझ्या केसातला गुंता बघ. लुगड्याचा वास बघ. तुला बरं न्हाय, हेमा.’

चैत्रापासून तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. हेमावतीच्या तोंडातला दाणा तसाच राहिला आणि तिला हुंदका फुटला.

‘माझा भाऊ होता शिवप्पा,’ गुरम्मा खाली बघत म्हणाली. ‘असाच बसला होता. अंगात देव आलाय म्हणून लोकांनी त्याला पिंपळाखाली बसवला, हार घातले. आमी बी घातले. एक दिवस तसाच हार घालून इहिरीकडं गेला, परत आला न्हाय.’ एवढं बोलून ती टरफलं गोळा करायला लागली.

‘सांगा की मग सगळ्यांना,’ हेमावती पुटपुटली. घसा इतका धरला होता, की तो आवाज आपला आहे हे तिला पटेना.

‘मी सांगू? मी सांगितलं तर काय म्हणतील? जावंचा मान बघवंना म्हणून जळतीय. आधीच म्हणायलेत. हे तुझं तुलाच सांगाया लागंल. आज न्हाय जमत तर ऱ्हाऊ दे. आज शेंगा फोड.’

त्या दिवसापासून गुरम्मानं तिचा पिच्छाच पुरवला. मायेनं वगैरे नाही हं. ती बाई मायेनं बोलली असती तर ऐकणाऱ्याला संशय आला असता. पहाटे भोंगा झाला की खोलीच्या दारावर उलथन्याचा दणका. राग आला की गुरम्मा कानडीत शिरायची. ‘एळ! एळ गं, ऊठ!’ आणि मग, ‘सगळी उठू नको. नुसते पाय बाजेखाली सोड. लागले जमिनीला? बास. बस आता तशीच.’ थोड्या वेळानं, ‘पाणी काढलंय, गार व्हायलंय.’ मग, ‘अंगावरनं न्हाय घ्यायचं तर ऱ्हाऊ दे, पायावर तरी वत.’ एका वेळी एकच सांगायची. पुढचं काम ऐकलं की हेमावतीचा धीर सुटतो, हे तिनं ओळखलं होतं. पूजा झाली की आपल्यासमोर बसवून भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी खायला घालायची. पूजा नाही झाली तरी घालायची. ‘आधी खा. महादेव काय उपाशी माणसाला मारायला बसलाय व्हय?’

मौनात सिद्धेश्वराची फेरी पाहिजेच, आमच्या माहेरी तशीच रीत आहे, अशी थाप तिनं नागम्माला बिनदिक्कत मारली. नागम्मा खूश. मग रोज सकाळी दोघी जावा देवळाकडं निघायच्या. तळ्याच्या कडेकडेनं वाट, अंगावर कोवळं ऊन. पहिले काही दिवस हेमावतीला ते ऊन बोचायचं, टांग्यांचा खडखडाट बोचायचा, माणसांचे चेहरे नको व्हायचे. पण घरी आल्यावर निदान पाणी पिताना बरं वाटायचं.

आणि रोज एक वाक्य. चुलीपुढं बसून, दार लोटून. ‘बोल. कसलं बी बोल. न्हाईतर जीभ गंजंल,’ म्हणून गुरम्मा हटून बसायची. पहिल्या दिवशी हेमावतीनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘चटणीत मीठ कमी हाय.’

‘आली मोठी! इतक्या दिसानं तोंड उघडलं ते नावं ठेवायला!’ गुरम्मा कडाडली. हेमावतीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. गुरम्मानं तो बघितला आणि बघितला नाही असं दाखवून तवा घासायला घेतला.

सगळेच दिवस असे नसायचे. एखाद्या दिवशी पाय जमिनीला लागले तरी ती दुपारपर्यंत तशीच बसून राहायची. पाणी गार होऊन जायचं, शेंगा सुपात तशाच. गुरम्मा ओरडायची, ओरडून दमायची, आणि मग शेजारी भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. अशाच एका वाईट दिवसानंतरच्या सकाळी, तळ्याकाठानं चालताना, हेमावतीनं त्या दिवसाचं वाक्य तिथंच वापरलं.

‘अक्का, तुमी रोज पाण्याच्या बाजूनंच का चालता?’

गुरम्मा थांबली नाही. ‘तुला ठाव हाय.’

हेमावतीला ठाऊक होतं. पाण्याकडं बघताना काय काय मनात येतं, ते तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ‘व्हय,’ ती म्हणाली. ‘येतंय मनात.’

‘आलं की मला सांगायचं. तव्यावर भाकरी असली तरी सांगायचं. करपली तर करपू दे.’ गुरम्मानं तिचं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

हे असं रडतखडत चाललं असतं तर चाललं असतं. पण नागम्माचा आनंद पोटात मावत नव्हता ना! श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मठातल्या वयस्कर अय्यांना, म्हणजे जंगम गुरूंना, जेवायला बोलवायचं, सगळ्या पेठेला सांगायचं, आणि धाकटी सून आता कायमची मौनात बसणार असं चारचौघांत जाहीर करायचं, असं तिनं ठरवलं. गच्चीवर एक खोली बांधायची. संसार सुटला म्हणायचा तिचा. शिवलीलेला बार्शीला आत्याकडं ठेवायचं, म्हणजे व्रतात पोरीची अडचण नको. हे सगळं हेमावतीच्या पुढ्यात बसून ठरलं. तिला विचारणार कसं? तिचं मौन होतं. सोमलिंगानं एकदा बायकोकडं बघितलं, तोंड उघडल्यासारखं केलं, आणि मान हलवून दुकानात निघून गेला.

हेमावतीला काय वाटलं म्हणता? खोटं कशाला सांगू, अर्धं मन म्हणालं, होऊ दे. वर जावं, दार लावून घ्यावं, पुन्हा कधी पाय जमिनीला लावावे लागू नयेत. पण उरलेल्या अर्ध्याला शिवलीलेच्या दोन वेण्या दिसत होत्या, वर दुमडून लाल रिबिनी बांधलेल्या. आता त्या बार्शीत दुसरंच कुणी घालणार होतं. ‘सांग गं, अजून वेळ हाय, सांग,’ गुरम्मा रोज पाठी लागायची. हेमावती सासूपुढं जायची, तिचा फुललेला चेहरा बघायची आणि तोंड न उघडताच परत यायची.

सोमवार उजाडला. घर माणसांनी गच्च भरलं. अय्या पाटावर येऊन बसले. आत गुरम्मा एकामागून एक भाकऱ्या आपटत होती, तिचा राग बाहेरपर्यंत ऐकू येत होता. नागम्मा नव्या इरकली लुगड्यात इकडून तिकडं फिरत होती. माणसं एकेक करून हेमावतीपुढं वाकत होती आणि ती ताटातली विभूती त्यांच्या कपाळाला लावत होती.

एवढ्यात दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातून एसटीनं आलेली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं आली. हाताला धरून तिनं एका तरण्या पोरीला ओढत आणलं होतं.

‘माझी सून हाय, चन्नम्मा. हात ठेवा हिच्यावर, मौनव्वा. बाळंत झाली तवापासनं हे असंच. उठत न्हाय, खात न्हाय, लेकरू पाळण्यात रडतंय तरी बघत न्हाय. काय कमी हाय वो हिला? आता तुमचं ऐकलं आन् आमाला बी उमगलं. खोली सारवून ठिवलीया. हिला बी तुमच्यागत मौनात बसवतो. तुमी फकस्त हात ठेवा.’

चन्नम्मा मान खाली घालून बसली होती. कपाळावर ओढून-ताणून लावलेलं कुंकू, केसांत गुंता. तिनं एकदाच वर बघितलं, पण ते कुणाकडंच नव्हतं. हेमावतीला ती नजर आतून माहीत होती. सारवलेली खोलीही माहीत होती, समईही, पुढं सरकवलेला दुधाचा पेलाही. या पोरीच्या जवळपासही कुठंतरी पाणी असणारच. आणि पाण्याच्या बाजूनं चालणारी गुरम्मा तिच्याजवळ आहे का नाही, कुणास ठाऊक.

हेमावतीचा हात विभूतीच्या ताटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

‘हिला बसवू नका,’ ती म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही की बोललं कोण. मग सावित्रम्मा किंचाळली, ‘मौनव्वा बोलली! देव बोलला!’ आणि ओसरीभर माणसं भराभर खाली वाकली. घ्या! आता बोललं तरी पंचाईत.

‘उठा,’ हेमावती म्हणाली. तिनं विभूतीचं ताट बाजूला सारलं. ‘देव न्हाय बोलला. मी बोलले, हेमावती. मला कसलं बी व्रत न्हाय. कधीच नव्हतं. मला बरं न्हाय. हिला जे झालंय तेच मला झालंय.’

‘हेमा!’ नागम्मा धावत आली. ‘गप! काय बोलतीस कळतंय का तुला? तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय!’

‘अव्वा, तुमी मला गप ऱ्हायलाच सांगता व्हय?’ हेमावतीचा आवाज फाटला. ‘इतके दिवस गपच होते की. अशीच गप ऱ्हायले असते तर एक दिवस तळ्यात सापडले असते. रोज मनात येतंय माझ्या. अक्कानं हात धरून ठेवला म्हणून बसलीय हितं.’

आतलं भाकऱ्यांचं आपटणं थांबलं. नागम्मा मटकन खाली बसली. तिला राग आला होता का भीती वाटली होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आणि त्या शांततेत चन्नम्मा पहिल्यांदा बोलली. कुजबुजतच, पण थेट हेमावतीकडं बघून.

‘मग तुमी सकाळी उठता कसं?’

बापरे, काय प्रश्न होता तो! हेमावती पाटावरून खाली उतरली आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

‘उठत न्हाय गं. नुसते पाय खाली सोडते. मग ते जमिनीला लागतात. कदी कदी तेवढंच व्हतंय, पुढं काय बी व्हत न्हाय. तसल्या दिवशी तेवढंच. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तोंड धुते. मग उन्हात बसते. हातात कायतरी घेते, शेंगा म्हण, जवारी म्हण. आन् कुणालातरी एक वाक्य बोलते. कसलं बी. भाकरी जाड झाली म्हणून बोललं तरी चालतंय.’

‘त्यानं बरं वाटतंय?’

‘लगेच न्हाय वाटत,’ हेमावती म्हणाली. तिला खोटं बोलवेना. ‘पण तुझ्याजवळ कुणीतरी ऱ्हायला पायजे. एकटीनं बसू नको. वो, ऐकलं का, हिला एकटी बसवू नका,’ हे तिनं म्हातारीला सांगितलं. म्हातारी आ वासून ऐकत होती.

मग काय, माणसं पांगायला वेळ लागतो होय? कुणी तोंडात बोट घातलं, कुणी नाक मुरडलं. सावित्रम्मानं तर देवघरात जाऊन आपला नारळ परत उचलला. अय्या मात्र जागचे हलले नव्हते. ‘नागम्मा,’ ते म्हणाले, ‘सुनेला डॉक्टरला दाखवा. आन् हिला आन् त्या पोरीला आधी जेवायला वाढा.’ सोमलिंग दारात उभा होता. सगळ्यांसमोर, बापासमोर, तो बायकोजवळ आला आणि म्हणाला, ‘उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं. मी विचाराया पायजे होतं गं, हेमा. मला विचारायचंच भ्या वाटलं.’

आणि दुसऱ्या दिवशी सगळं आलबेल झालं होतं म्हणता? छे. भोंगा झाला, आणि हेमावतीला तसंच जड वाटलं, कालच्यासारखंच, कदाचित कालच्यापेक्षा जास्त. बाहेर पेठेत काय चाललं असेल हे आठवून तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. नागम्मा तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. आता मौन सासूनं धरलं होतं. दारावर उलथनं आपटलं, ‘एळ गं!’ हेमावतीनं पाय बाजेखाली सोडले. लागले जमिनीला. ती तशीच बसून राहिली.

दारात शिवलीला उभी होती. केस मोकळे, हातात फणी आणि लाल रिबिनी. ती उंबऱ्याशी घुटमळली. चपला काढायच्या का नाही, हात जोडायचे का नाही, तिला कळेना.

‘आता आई म्हणू का?’ तिनं विचारलं.

हेमावतीनं नुसते हात पुढं केले. पोरगी उंबरा ओलांडून धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना पाठ टेकवून बसली. हेमावतीनं केसांत फणी घातली. एक वेणी झाली, रिबीन बांधून झाली. तेवढ्यानंच तिचे हात गळून गेले, आणि दुसरी बाजू तशीच मोकळी राहिली. बाहेर शाळेला निघालेल्या पोरी शिवलीलेला हाका मारायला लागल्या.

‘तुमी जावा गं पुढं,’ शिवलीला ओरडली, आणि जागची हलली नाही. ‘आई, तू सावकाश घाल.’